कीकॅडवर (सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) दोन पावसाळे काढले, आता सांगतो

देवगडजवळ माझं पंप रिपेरिंगचं दुकान आहे. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेल्या की बागायतदारांच्या मोटारी कोरड्या चालून जळतात, म्हणून ड्राय रनचं कंट्रोलर बोर्ड मीच बनवायला घेतलं. बोर्ड आखायला आधी ईगल नावाचं सॉफ्टवेअर फुकटातलं वापरायचो, पण त्यात बोर्ड ८० चौरस सेंटिमीटरच्या वर जात नसे, आणि आमच्याकडे २३० व्होल्ट नि ५ व्होल्टच्या मध्ये ऐसपैस जागा सोडावीच लागते, खारी दमट हवा नि वर धूळ बसली की करंट बोर्डावरूनच वाट काढतो. त्यात २०२३ मध्ये ईगलवाल्या ऑटोडेस्क कंपनीने जाहीर केलं की ७ जून २०२६ ला ईगल बंद. म्हटलं, आता परत दुसऱ्याच्या ओसरीवर बिऱ्हाड मांडायचं नाही, आणि कुणा एका कंपनीचं नसलेल्या, खुल्या कीकॅडवर आलो.

कीकॅड १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी सुरू केलं, पुढे सर्नने (युरोपातली अणुसंशोधन संस्था) हातभार लावला. ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, ओढताना आजूबाजूचे ट्रॅक आपले आपण सरकतात ना, ते सर्नवाल्यांचं काम. एसटीत कंडक्टरने "जरा सरका" म्हटल्यावर अख्खा बाक सरकतो तसं! मेन्सच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या, जोडण्यांचा वेगळा गट (नेट क्लास) करून अंतर ठरवून दिलं की जवळ गेल्यावर डीआरसी, म्हणजे नियम तपासणारी सोय, लगेच बोंब मारतं, मला तर एवढ्यासाठीच ते आवडलं.

पण पहिला लॉट भंगारात गेला. शुगर क्यूब रिलेचा (मोटार चालू-बंद करणारा छोटा चौकोनी स्विच) फूटप्रिंट, म्हणजे बोर्डावर त्याच्या पिना कुठे बसायच्या तो नकाशा, नेटवरून कुठूनतरी उचलला, पिना उलट्या निघाल्या, दहा बोर्डं वाया. डीआरसीला ते कळत नाही, त्याच्या लेखी सगळं बरोबरच. आता ऑर्डर द्यायच्या आधी लेआउट कागदावर एकास एक प्रिंट काढतो, थर्माकोलवर ठेवतो आणि खरा रिले त्यात टोचून बघतो.

त्रास म्हणजे नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर थ्रीडी व्ह्यू लावला की चहा पिऊन यावं.

डिझाइन सर्नच्या ओपन हार्डवेअर लायसन्सखाली खुलं ठेवलंय, म्हणजे कुणीही घ्यावं, बदलावं. शेजारचे काका म्हणाले, "अरे, फुकट कोण काय देता रे?" पण मालवणच्या मावसभावाने तीच फाइल घेऊन थ्री फेजसाठी बदलली, आणि जाता जाता माझ्या फ्यूजची जागा चुकलेली तीपण सुधारून पाठवली.