चुकीच्या क्लिकपासून वाचवणारी बटणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हर बंद करणं, पैसे पाठवणं, नोंदी पुसणं. अशी महागात पडणारी बटणं असलेल्या पॅनलमध्ये चार प्रकारचे अडथळे आठ महिने रोज वापरून झाले. पहिल्या आठवड्यातलं मत आता राहिलेलं नाही.

सर्वांत फोल ठरली ती 'नक्की करायचं?' ही चौकट. काही दिवस माणूस ती वाचतो. मग डिलीट आणि एंटर ही हाताची एकच हालचाल होऊन जाते. एंटर धोक्याच्या बटणालाच जोडलेला असेल तर चौकट असून नसल्यासारखी. मराठीत वर आणखी घोळ: 'ऑर्डर रद्द करायची?' आणि खाली 'रद्द करा' नि 'ठीक आहे'. ऑर्डर वाचवणारं बटण कोणतं? 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

नाव टाइप करायला लावणं (गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोडसाठा, पुसताना असतं तसं) क्वचितच्या कामांना ठीक. रोज लागलं की लोक वरचंच नाव कॉपी-पेस्ट करतात. नावाशेजारी 'प्रॉडक्शन, 1,240 ग्राहक' (प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात ती यंत्रणा) असा परिणाम दिसला, तरच हात थांबतो.

बटण दीड सेकंद दाबून धरणं फोनवर छान. मात्र कीबोर्डवाल्यांना आणि हात थरथरणाऱ्यांना दुसरा मार्ग द्यावाच लागतो.

खरा उपयोग झाला तो 'परत घ्या'चा. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायला 5, 10, 20 किंवा 30 सेकंद ठेवता येतात. 5 फारच कमी, चूक लक्षात येईपर्यंत 'परत घ्या'ची पट्टी गेलेली असते. हा टायमर सर्व्हरवरच हवा. ब्राउझरमध्ये ठेवला आणि टॅब बंद झाला, तर काम झालं की राहिलं याचा पत्ता लागत नाही. पुसलेलं लगेच नष्ट न करता 30 दिवस कचरापेटीत ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी उमगलेली चूकही सुधारते.

पैसे मात्र एकदा गेले की गेले. तिथे आणखी एका माणसाची मंजुरी पुरेल असं वाटतं, पण ऑगस्ट 2020 मध्ये सिटीबँकेतून रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जाचं फक्त व्याज पाठवायचं असताना मुद्दलही, म्हणजे सुमारे 90 कोटी डॉलर, बाहेर गेले, ते तिघांच्या नजरेखालून. मुद्दल आतल्या खात्यात थांबवायला तीन रकाने भरायचे होते, भरला एकच. तिघांनाही तोच दिशाभूल करणारा स्क्रीन दिसत होता! मंजुरीच्या पानावर रकान्यांऐवजी 'बँकेबाहेर जाणारी रक्कम' एवढा एकच आकडा मोठ्या अक्षरात हवा.

बारीकसारीक: डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेले निकष) बटणाला किमान 24 पिक्सेल सांगितलेत. अंगठ्यासाठी 44 धरा. वरची जाहिरात उशिरा लोड होऊन बटण बोटाखाली सरकतं, तेव्हा तिची जागा आधीच राखून ठेवा. डबल क्लिकवर बटण निष्क्रिय करणं पुरत नाही, कारण नेट अडखळलं की तीच विनंती पुन्हा जाते. प्रत्येक विनंतीला एकमेव क्रमांक देऊन सर्व्हरनेच दुसरी नाकारावी.