कॅसिओ ९९१ईएस प्लस : एका इन्सुलेशनवाल्याचा अनुभव

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हॉट इन्सुलेशनची, म्हणजे गरम पाइप-बॉयलरवरच्या उष्णतारोधक आवरणाची, एस्टिमेटं काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली शेवटची नऊ या कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस कॅल्क्युलेटरबरोबर. इंटिग्रेशन जमतं, मॅट्रिक्स जमतं, हे विद्यार्थ्यांनी लिहून झालंय. मला त्यातलं काही लागत नाही. जुन्या ड्रॉइंगवरचा के-व्हॅल्यूचा (म्हणजे उष्णतावाहकतेचा) आकडा वॉट प्रति मीटर केल्विनमध्ये आणला की माझं काम झालं.

आणि नेमकं तेच यात नाही! शिफ्ट ८ दाबून कोड टाकला की चाळीस रूपांतरं होतात. इंच, पौंड, एकर, अगदी ताऱ्यांची अंतरं मोजायचा पार्सेकसुद्धा. बडोद्यात पार्सेक कोणाला लागतो, देव जाणे. उष्णतावाहकतेला मात्र जागा नाही.

मग तुकड्यातुकड्याने गणित मांडायचं, आणि तिथेच फसायला होतं. कोड ३७ फॅरेनहाइटचं सेल्सिअस करतो. १ टाकून बघा, उत्तर येतं उणे १७.२२. तापमान म्हणून बरोबरच आहे, पण आपल्याला हवा असतो तापमानातला फरक. एक अंश फॅरेनहाइटचा फरक म्हणजे ०.५५५६ केल्विन, तिथे ३२ चा संबंध येत नाही. ३७ वापरलात तर के-व्हॅल्यू चक्क उणे येते.

दुसरी गंमत कॅलरीची. १००० कॅलरीला कोड ४० (कॅलरीचे ज्यूल) लावून ३६०० ने भागलं की १.१६२७ येतं. आमच्या धंद्यात एक किलोकॅलरी प्रति मीटर तास अंश म्हणजे १.१६३ वॉट प्रति मीटर केल्विन. यंत्र चुकत नाही. ते १५ अंशांच्या पाण्यावरून ठरवलेली कॅलरी धरतं, आणि १.१६३ येतो स्टीम टेबलवाल्या (वाफेच्या तक्त्यांतल्या) ४.१८६८ ज्यूलच्या कॅलरीतून. रसायनवाल्यांची ४.१८४, ती तिसरीच. ग्लासवूलच्या (काचेच्या लोकरीच्या) कामात या फरकाने काही बिघडत नाही. जुने फोरमन तर सरळ ०.८६ ने भागतात.

बिघडतं ते बीटीयूमध्ये, म्हणजे उष्णतेच्या ब्रिटिश एककात. एका जुन्या अमेरिकन बॉयलरच्या कागदावर ०.२५ होतं. मी फुटाचं समजून १.७३०७ ने गुणलं, आलं ०.४३. प्लँटवरच्या मेंटेनन्सच्या काकांनी शीट पाहिली आणि म्हणाले, "अरे, ग्लासवूल लावतोयस की विटा रचतोयस?" जाडी इंचात, क्षेत्रफळ चौरस फुटात, अशी ती खिचडी होती. तिथे गुणक ०.१४४२, म्हणजे बाराव्या हिश्शाचा. खरं उत्तर ०.०३६. कागदाच्या कोपऱ्यात 'इंच' बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, चूक माझीच.

तेव्हापासून या कॅल्क्युलेटरची खरी किंमत कळली. त्यातली अक्षरांची घरं बंद केल्यावरही आकडा धरून ठेवतात. ए मध्ये १.१६३, बी मध्ये ०.१४४२, सी मध्ये ४१८.६८ (सेकंद-सेंटिमीटरच्या कॅलरीसाठी, तांब्याचं ०.९२ त्याने ३८५ होतं), डी मध्ये १.७३०७. साइटवर शिडीवर उभं राहून एका हाताने हिशेब होतो. मोबाइलवर घामेजल्या बोटांनी हे जमत नाही. आकडा कुठल्या सरासरी तापमानाचा आहे, ते मात्र कागदावरच बघावं लागतं. ते कुठलंच बटण सांगत नाही.

मकरपुऱ्यातल्या उन्हात स्क्रीन नीट दिसते, बटणं अजून घट्ट आहेत. पाचात साडेचार.

अर्धा कापला तो भाचीमुळे. ती इथल्या विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत आहे (आमच्या घरी अजून जुन्या नावाने कलाभवनच म्हणतात). परीक्षेला हा घेऊन गेली आणि जाण्याआधी शहाण्यासारखं शिफ्ट ९, ३ आणि = दाबलं. चारही घरं शून्य! एवढं सगळं पुसणं इतकं सोपं असू नये. आता चारही गुणक झाकणाच्या आत कागदावर चिकटवलेत. खाली तिने पेन्सिलीने लिहिलंय, "मामा, ३७ नको."