रोबोटचं सामान ऑनलाइन मागवणाऱ्या टीमनी हे वाचा

नाशिकमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या रोबोटिक्स टीमचा हिशेब मी बघते. रोबोकॉन या कॉलेज टीमच्या रोबोट स्पर्धेच्या तयारीत आमचे ७४ हजार रुपये एका भामट्याने नेले. त्यात सगळ्यांची वर्गणी होती, सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी दिलेली मदत होती, आणि निफाडच्या आमच्या ज्युनिअरच्या वडिलांनी द्राक्षाचा माल गेल्यावर काढून दिलेले पैसे होते. त्या माणसाने लिंक पाठवली नाही, ओटीपी मागितला नाही, धमकी दिली नाही. तो आमच्याशी आमच्याच भाषेत बोलला. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. तो आजही अशाच टीम शोधत असणार.

आपली नड त्याला नेमकी माहीत आहे. रोबोकॉनचा खेळ दरवर्षी नवा असतो. २००२ पासून एशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही स्पर्धा भरवते आणि ज्या देशाकडे यजमानपद असतं तो खेळ ठरवतो. २०२३ मध्ये कंबोडियाने खांबांवर कड्या फेकायला दिल्या, २०२४ मध्ये व्हिएतनामने भाताची रोपं लावायला दिली, २०२५ मध्ये मंगोलियाने बास्केटबॉल दिलं. त्यामुळे गेल्या वर्षीचा रोबोट यंदा जसाच्या तसा चालत नाही. डिझाइन ठरेपर्यंत डिसेंबर उजाडतो, मध्येच सेमिस्टरची परीक्षा येते, आणि मोटर-बॅटऱ्यांची खरी खरेदी जानेवारी ते मार्चमध्ये होते. तेव्हा सगळ्यांनाच घाई असते आणि चांगल्या मोटरचा स्टॉक सगळीकडेच संपलेला असतो. आमचा हा प्रकार बास्केटबॉलच्या तयारीत, फेब्रुवारीत घडला.

महाराष्ट्रातल्या टीमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. जुन्या टीम उरलेलं सामान तिथे विकतात आणि त्यातून कित्येकांचं काम झालंय. तिथेच त्याने मोटरचे फोटो टाकले. एन्कोडरवाल्या (म्हणजे फेरे मोजणारा सेन्सर लावलेल्या) प्लॅनेटरी गिअर मोटर, वेगाने फिरणाऱ्या ब्रशलेस मोटर, त्यांचे ईएससी (वेग नियंत्रित करणारे सर्किट), सहा सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या. किमती बाजारभावापेक्षा थोड्याच कमी, संशय येण्याइतक्या नाहीत. फोनवर म्हणाला, "मी पुण्याचा. आमच्या वेळी नॅशनल बालेवाडीला व्हायची, दिल्लीला नाही." हे खरंच आहे, राष्ट्रीय फेरी बरीच वर्षं बालेवाडीच्या क्रीडा संकुलात व्हायची. पिट, रिट्राय, ट्रायल रन हे स्पर्धेतले शब्द त्याच्या तोंडी सहज येत होते. आमच्या कॅप्टनला त्याने विचारलं, "तुमच्या शूटरला दोन रोलर आहेत की एकच?" आणि मग कोणती मोटर कमी पडेल हेही सांगितलं. सांगितलं ते बरोबर होतं. मला म्हणाला, "तू काळजी करू नको गं, मीपण यातूनच गेलोय."

आधी आम्ही त्याच्याकडून फक्त दोन मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारे सर्किट बोर्ड) घेतले. चार दिवसांत आले, नीट पॅक केलेले, आत बिल. बेंचवर लावले, चालले. त्या बिलावर छापलेला जीएसटी क्रमांक आमच्या सरांनी जीएसटी पोर्टलवर तपासला. नोंदणी चालू, राज्य महाराष्ट्र. बिलावरचं दुकानाचं नाव वेगळं होतं, पण तो म्हणाला की फर्म जुनी आहे आणि रोबोटिक्सचा ब्रँड नवा.

ती छोटी ऑर्डर हाच त्याचा गळ होता. मोठ्या ऑर्डरसाठी लागणारा विश्वास त्याने दोन ड्रायव्हरच्या किमतीत विकत घेतला. पुढे ग्रुपमधल्या ज्यांच्याशी बोलले, त्यातल्या आणखी एका टीमचीही पहिली छोटी ऑर्डर बरोबर पोचली होती.

मोठ्या ऑर्डरची प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल देण्याआधीचं कच्चं बिल, आली. आठ प्लॅनेटरी मोटर, चार ब्रशलेस, चार ईएससी, चार लिपो. ४० हजार आधी, उरलेले माल निघाल्यावर. पैसे पाठवताना यूपीआयवर एका बाईचं नाव दिसलं. आम्ही तिथेच थांबून फोन केला. तो म्हणाला, करंट अकाउंटची आजची मर्यादा संपली आहे, हे वहिनीचं खातं आहे, हिशेब तीच बघते, पावती फर्मच्याच नावाने देतो. पावती खरंच फर्मच्या नावाने आली, शिक्क्यासह.

यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी दिसणारं ते नाव बँकेत नोंदलेलं असतं, ते त्याला बदलता येत नाही. व्हॉट्सअॅपवरचं नाव, बिलावरचं नाव, शिक्का, लोगो, हे सगळं घरबसल्या तयार होतं. सगळ्या कागदांत खरं बोलणारं तेवढं एकच नाव असतं. ते जीएसटी पोर्टलवरच्या कायदेशीर नावाशी किंवा व्यापारी नावाशी जुळत नसेल, तर समोरच्याचं कारण कितीही पटणारं असो, पैसे पाठवू नका.

नंतर आमचा पुण्यात नोकरी करणारा एक सीनिअर पोर्टलवरच्या पत्त्यावर जाऊन आला. तिथे टाइल्सचं दुकान होतं. मालक भला माणूस, त्याला रोबोट-बिबोट काही माहीत नव्हतं. आपला क्रमांक कोणी वापरतंय हे कळल्यावर तोच घाबरला. म्हणजे क्रमांक खरा, फर्म खरी, फक्त हा माणूस त्या फर्मचा नव्हता. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं मालकाच्या किंवा फर्मच्या पॅनची. तो कोणत्याही दुकानाच्या बिलावर छापलेला असतो, कोणीही उचलू शकतं. क्रमांक चालू आहे एवढं बघून भागत नाही. तो ज्याचा आहे त्याच्याशीच आपण व्यवहार करतोय का, हे त्या पत्त्यावरच्या दुकानाचा नंबर स्वतः शोधून, फोन करून विचारावं लागतं. विक्रेत्याने दिलेल्या नंबरवर फोन करून उपयोग नाही.

पैसे गेल्यावर उशीर सुरू झाला. इथे मला त्याची सगळ्यात धूर्त गोष्ट दिसते. त्याच्या प्रत्येक थापेत एक खरी गोष्ट असायची. "लिपो विमानाने जात नाही, रस्त्याने पाठवावं लागतं." लिथियम बॅटऱ्यांवर हवाई कुरिअरमध्ये कडक निर्बंध आहेत, हे आम्हालाही माहीत होतं. "माल न्हावाशेवाला अडकला होता." मोटर चीनहून समुद्रमार्गे येतात, हेही खरं. आम्ही आपसात म्हणायचो, बरोबर आहे त्याचं. मग ट्रॅकिंग क्रमांक आला, कुरिअरच्या वेबसाइटवर पार्सल पुण्याहून निघालेलं दिसलं, आणि उरलेले ३४ हजार गेले. त्याच बाईच्या खात्यात.

पार्सल आलं. जड होतं, वजन ऑर्डरला शोभेल असं. आमच्या कॅप्टनची एक शिस्त आहे, कोणतंही खोकं उघडताना सीलपासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ घ्यायचा. त्याच व्हिडिओवर आज आमची तक्रार उभी आहे. आत आठ मोटर होत्या, नव्या स्टिकरच्या. एका स्टिकरचा कोपरा उचकटला तर खाली जुना, पुसट स्टिकर निघाला. एन्कोडरच्या जागी नुसती प्लास्टिकची टोपी, आत काही नाही. ब्रशलेस मोटर नव्हत्याच, ईएससीही नव्हते. लिपोच्या जागी निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले १८६५० सेलचे (गोल, पेन्सिल सेलसारख्या पण थोड्या मोठ्या लिथियम सेलचे) पॅक होते, वर ९९०० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) छापलेलं.

हा आकडा लक्षात ठेवा. १८६५० आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास असते. त्या आकाराच्या सेलवर पाच हजार, सात हजार, नऊ हजार असं काही छापलं असेल तर तो आकडा खोटा आहे, तपासायचीही गरज नाही. तरी आम्ही तपासलं. असल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. टीममधल्या एकाच्या मामाचं सराफ बाजारात दुकान आहे, त्यांच्या काट्यावर आमचे सेल त्याहून बरेच हलके भरले. मोटरी नाशिकमधल्याच अंबडला एका वर्कशॉपमध्ये नेल्या. तिथल्या काकांनी बारा व्होल्ट देऊन फिरण्याचा वेग मोजणारा टॅकोमीटर लावला, हाताने शाफ्ट थोडा दाबला आणि म्हणाले, "अगं, ही भंगारातली आहे. गिअर चाटलाय आतून." रोबोटच्या वजनाखाली त्या फिरल्याच नसत्या.

आम्ही फोन केला तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, गोडाउनमध्ये अदलाबदल झाली, माल परत पाठवा, फक्त बदली मालाच्या फरकाचे नऊ हजार आधी टाका. व्हिडिओ आहे म्हटल्यावर सूर बदलला, "तुम्हीच माल काढून घेतलात." मग नंबर बंद. कुरिअरवाल्यांच्या लेखी पार्सल पोचलं होतं, सही झाली होती, त्यांचं काम संपलं होतं. माल पाठवलाच नसता तर 'पोचलं नाही' म्हणता आलं असतं. भंगार पाठवण्यामागे त्याचा हाच हिशेब होता.

त्याच संध्याकाळी सरांसमोर बसून आम्ही १९३० वर फोन लावला. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन. तिथे तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवून ते अडवण्याचा प्रयत्न होतो. मात्र पैसे पुढच्या खात्यात, तिथून आणखी पुढे सरकत राहतात, म्हणून तासातासाला फरक पडतो. आमचा दुसरा हप्ता ताजा होता, त्यातली काही रक्कम एका खात्यात गोठवली गेली. पहिला हप्ता तोवर एटीएममधून निघून गेला होता. मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार केली आणि नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात जाऊन कागद दिले. गोठवलेली रक्कम परत मिळण्याची प्रक्रिया अजून सुरू आहे.

फोन लावताना प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, तो नसला की शोधाशोधीत वेळ जातो. चॅट डिलीट करू नका, ती पूर्ण एक्स्पोर्ट करा. नुसते स्क्रीनशॉट अपुरे पडतात. आणि बँकेकडून भरपाई मिळेलच असं धरून बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, आपण स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ते लागू होत नाही. फसवणुकीचा गुन्हा मात्र नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आणि दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन ठकवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी.

कित्येक टीम इथेच थांबतात. कॉलेजला कळलं तर टीम बंद करतील, घरी काय सांगायचं, म्हणून मुलं आपसात पैसे भरून गप्प बसतात. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. आमच्या सरांनी एका शब्दाने आम्हाला दोष दिला नाही, उलट प्राचार्यांकडे स्वतः आमच्यासोबत आले. निफाडच्या काकांना मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, व्यापारी आमचेपण बुडवून पळतात. तू पोलिसांत जा." द्राक्षवाल्या माणसाला हे कळतं, तर कॉलेजलाही कळायला हवं. गाइड सरांना पहिल्या तासातच सांगा.

आम्ही ग्रुपवर सावध करणारा मेसेज टाकल्यावर लगेच आणखी एक फोन आला, आमच्या ज्युनिअरला. बोलणारी बाई सायबर सेलमधून बोलतेय म्हणाली, तुमचे पैसे सापडलेत, पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे रिफंड जमा होईल. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ज्युनिअरने फोन ठेवला. फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते की तोच माणूस दुसऱ्या आवाजात येतो, हे मला माहीत नाही, पण तक्रार जाहीर केली की असा फोन येईल हे धरून चाला.

आता आम्ही सामान कसं घेतो ते सांगते. आमच्यातले दोघं सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघाले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, दुकानात उभं राहून प्रत्येक मोटरला बॅटरी लावून, एन्कोडरचे पल्स मोजून माल घेतला. महाग पडला. बेअरिंग, पुली, अॅल्युमिनियम सेक्शन हे सातपूर-अंबडमध्येच मिळतं, त्यासाठी कोणाला ऑनलाइन अॅडव्हान्स द्यायची गरजच नाही. बाहेरगावचा विक्रेता असेल तर व्हिडिओ कॉलवर माल दाखवायला सांगतो, त्यावर आमच्या टीमचं नाव त्याच वेळी खडूने लिहायला लावतो आणि मोटर फिरवून दाखवायला सांगतो. खऱ्या दुकानदाराला याचा राग येत नाही. मोठी रक्कम असेल तर कॉलेजच्या नावाने खरेदी आदेश काढून फक्त फर्मच्या खात्यातच पैसे जातात. वहिनी, भाऊ, मॅनेजर, कोणाच्याही नावावर नाही.

त्याच प्रोफॉर्मा इन्व्हॉइसचा नमुना, तोच शिक्का आणि तोच टाइल्सच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक असलेला कागद मराठवाड्यातल्या एका टीमकडेही निघाला. त्यांनी स्वतंत्र तक्रार नोंदवली आणि दोन्ही तक्रारींचे क्रमांक आम्ही पोलिसांना एकत्र दिले. तुमच्याकडे मोटर आणि लिपोची अशी इन्व्हॉइस आली असेल आणि तिच्यावरचा पुण्याचा पत्ता टाइल्सच्या दुकानाचा निघत असेल, तर पैसे गेले नसले तरी ती जपून ठेवा. गेले असतील तर आजच १९३० ला फोन करा, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि तुमच्या जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात देताना नाशिकमध्येही याच माणसाची तक्रार आहे हे लिहून द्या.