कॅटामरान घ्यायला निघालो आणि ९,९४,३२० रुपये घालवून बसलो

आकडा आधी सांगतो: ९,९४,३२० रुपये. तीन वेळा, माझ्या सहीने गेले. लिहिताना लाज वाटते. मर्चंट नेव्हीत इंजिन रूममध्ये २९ वर्षं काढलेला माणूस आहे मी. पण गप्प बसलो तर उद्या आणखी कुणीतरी ह्याच ठगांना पैसे पाठवेल.

निवृत्तीनंतर शिडाची बोट घ्यायची हे ठरलेलंच होतं. गेल्या ऑगस्टमध्ये समोर दोन बोटी होत्या. एक मित्राची २६ फुटी मोनोहल, म्हणजे एका सांगाड्याची, पावसाळ्यासाठी मांडव्याजवळ किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, किंमत ८,७५,०००. जुनी, पण हलवर, म्हणजे सांगाड्यावर, टकटक करून बघता येईल अशी. दुसरी ३८ फुटी क्रूझिंग कॅटामरान, म्हणजे दोन जोडलेल्या सांगाड्यांची, मलेशियात लंकावीला, ७८,००० डॉलरला. ती तिथेच ठेवायची आणि हिवाळ्यात जाऊन राहायचं, असा बेत. लंकावी ड्यूटी-फ्री बेट आहे, परदेशी लोकांच्या बोटी तिथे वर्षानुवर्षं असतात, विकल्याही जातात. म्हणून जाहिरात खटकली नाही. इतका कमी भाव खटकायला हवा होता. पुढची गोष्ट तुम्हाला पाठच असेल: मालक आजारी, घाईत विकायची आहे, आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत.

‘हाव नडली’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं वाचा. बायकोला कानाचा त्रास आहे, चक्कर येते. मित्राच्या बोटीवरून एकदा बाहेर नेलं होतं. वारा वाढला, बोट पंधराएक अंश कलली, तर ही दोन्ही हातांनी दोर ओढायच्या विंचला मिठी मारून बसली, किनारा येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. मोनोहल कलणारच, तळाला लटकणाऱ्या पंखाचं, म्हणजे कीलचं, वजन तिला परत उभं करतं. कॅट फारशी कलत नाही, टेबलावरचा चहा टेबलावर राहतो. तिचे तोटेही मला माहीत होते. उलटली तर आपणहून सरळ होत नाही, दोन इंजिनं सांभाळावी लागतात, रुंदीमुळे मरीना, म्हणजे बोटी ठेवायचा तळ, जास्त पैसे लावते. मित्र म्हणाला, “अरे, नौदलाचे दिलीप दोंदे ‘म्हादेई’ बोटीवरून एकटे जग फिरून आले, ती मोनोहलच ना?” त्याचं खरं होतं. पण मला एकट्याला कुठे जायचं होतं?

पहिले ७,८०० डॉलर, म्हणजे ६,८२,५०० रुपये. दहा टक्के डिपॉझिट, ‘एस्क्रो’ खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे. खातं मलेशियातलं नव्हतं, नाव बोट विकणाऱ्या ब्रोकरच्या कंपनीचं नव्हतं. विचारलं तर “एस्क्रो म्हणजे तिसरा पक्ष, म्हणूनच नाव वेगळं” असं पटेल असं उत्तर आलं. मग बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे करायचे १,४५० डॉलर, म्हणजे १,२७,०२० रुपये. सर्व्हेअर त्यांनीच सुचवला. सर्व्हेअर कधीही विकणाऱ्याचा घेऊ नका. आपण शोधायचा, आपण पैसे द्यायचे, रिपोर्ट थेट आपल्याकडे.

रिपोर्ट आला, ३१ पानी. ओलाव्याचे आकडे, फोटो, शिक्का, सगळं. पान १४ वर एक ओळ होती: कील बोल्ट तपासले, घट्ट आहेत, गंज नाही. खाली ड्राफ्ट, म्हणजे बोट पाण्याखाली किती जाते ते, १.९५ मीटर.

ही ओळ मी वाचली. चष्मा लावून, पेन्सिलीने खूण करून वाचली. अशा कॅटच्या छोट्या कील बहुधा हलसोबतच साच्यात घडवलेल्या किंवा हलला चिकटवलेल्या असतात. मोनोहलच्या कीलसारखं खाली वजनाला शिसं लटकवलेलं नसतं, मग बोल्ट कशाला असतील? आणि ३८ फुटी कॅट पाण्याखाली जेमतेम सव्वा मीटर जाते. तो कुठल्यातरी मोनोहलचा रिपोर्ट होता, वर नाव तेवढं बदललेलं. दोन महिने मी ह्याच दोन जातींतला फरक रात्रंदिवस वाचत होतो, आणि तोच फरक समोर आला तेव्हा खूण करून पान उलटलं. का? कारण पुढच्या पानावर इंजिनं होती आणि मला इंजिनं बघायची घाई होती. रात्री अजून तेच पान दिसतं.

दोन दिवसांनी ‘मरीनाची थकबाकी’ म्हणून २,१०० डॉलर, १,८४,८०० रुपये गेले. एकूण बेरीज दहा लाखांच्या आत कशी राहिली बघा. दहा लाखांवर गेली असती तर बँकेने टीसीएस, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांवरचा आगाऊ कर, कापला असता आणि मुलाच्या सीएने विचारलं असतं. त्यानंतर त्यांचे फोन बंद. मग मरीनाला मेल केला. त्या नावाची बोट दोन वर्षांपूर्वीच गेल्याचं उत्तर आलं, चार ओळींचं, फुकट. हा मेल पहिल्या दिवशी करायचा असतो.

बँकेत गेलो. “स्विफ्ट, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा संदेश, गेलं, आता समोरच्या बँकेच्या हातात.” पैसे परत मागवायचा रिकॉल टाका म्हटलं तर अर्जाचा नमुना शोधण्यात दोन दिवस घालवले. दोन दिवस! पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “काका, बोट म्हणजे मासेमारीची का?” दुसरा, “तुम्ही स्वतःहूनच पाठवलेत ना?” बँकेची शाखा मुंबईत म्हणून तिकडे जा, तिकडचे म्हणाले राहता कुठे, अलिबाग तालुक्यात, मग तिकडेच द्या. चार फेऱ्या, चार वेळा तीच हकीकत, प्रत्येक वेळी बाकावरचे लोक ऐकताहेत. एका साहेबांनी रिपोर्टाची प्रिंट चाळून विचारलं, “एवढा शिकलेला माणूस तुम्ही?” मी घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही. गुन्हा नोंदवायला ४७ दिवस लागले. चोर परदेशात असेल, पण ४७ दिवस इथल्याच टेबलांवर गेले, त्याचा जाब कुणाला विचारायचा?

पैसे गेल्याचं कळताच त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी लाजेपोटी तीन दिवस काढले, मुलालाही सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलवर ‘प्रत्यक्ष’ म्हणून दाखवलेला बोटीचा व्हिडिओ आधी काढलेला असू शकतो. कॉल चालू असताना स्टर्नवर, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला, कोरलेल्या हल नंबरवर कॅमेरा न्यायला सांगा. खातेदाराचं नाव वेगळं असेल तर थांबा, कारण कितीही चांगलं देवोत.

मित्राची मोनोहल तिसऱ्या हप्त्यानंतर चार दिवसांनी गेली, ८,६०,००० ला.

कॅटच्या सर्व्हे रिपोर्टात कील बोल्ट असलेलं पान कुणाला आलं असेल तर खाली कळवा. माझ्या तक्रारीला ते जोडायचं आहे.