अ‍ॅडल्ट स्टिल्स डिसीज: स्टेरॉइड-मेथोट्रेक्सेटवर थांबायचं, की अनाकिन्रा किंवा टोसिलिझुमॅब घ्यायचं?

माझ्या दादाला अ‍ॅडल्ट स्टिल्स डिसीज आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती विनाकारण भडकून ताप, पुरळ आणि सांधेदुखी होणारा आजार. त्याला रोज संध्याकाळी सातच्या सुमारास ताप चढायचा, १०३ पर्यंत, छाती-पोटावर फिकट गुलाबी पुरळ उठायचं आणि सकाळी ओपीडीत पोचेपर्यंत अंग एकदम स्वच्छ, डॉक्टर विचारायचे कुठंय रॅश. शेवटी वहिनीने रात्री थर्मामीटर शेजारी धरून मोबाईलवर फोटो काढले आणि तिथून गाडी रुळावर आली. तोवर टायफॉइड, डेंगी, टीबी सगळं तपासून झालं होतं.

या आजाराची एकच अशी टेस्ट नाही. १९९२ चे यामागुची निकष लावतात: ताप, सांधेदुखी, पुरळ, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, घसादुखी वगैरे, आणि इन्फेक्शन-कॅन्सर नाही याची खात्री. फेरिटिन (रक्तातलं लोह साठवणारं प्रथिन) हजारोंत गेलं म्हणजे स्टिल्सच असं नाही, लिम्फोमातही (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) वाढतं, म्हणून बोनमॅरो किंवा पेट स्कॅन सांगितला तर लगेच ‘पैसे काढायचा धंदा’ म्हणू नका, कारण आधीच स्टेरॉइड दिलं तर लिम्फोमा झाकला जाऊ शकतो.

आता औषधं. मी डॉक्टर नाही, दादाच्या फायली उचलणारा भाऊ आहे, हे धरून वाचा.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त, कुठेही मिळतं, ताप बऱ्याचदा काही दिवसांत उतरतो. त्रास होतो तो डोस कमी करताना. दादा २० मिलिग्रॅमखाली आला की ताप हजर, मग परत वाढवा, तोवर चेहरा सुजलेला, शुगर वर. मेथोट्रेक्सेट जोडतात ते हे स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून, सांध्यांना बरं पडतं पण असर दिसायला आठवडे जातात. ही गोळी आठवड्यातून एकच दिवस, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आम्ही डबीवर मोठ्या अक्षरात ‘रविवार’ लिहून ठेवलंय. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

अनाकिन्रा इंटरल्युकिन-१ (शरीरात दाह पेटवणारं एक प्रथिन) अडवतं. ताप-पुरळ जोरात असेल तर फार लवकर गुण येतो, आणि शरीरातून पटकन निघून जातं, त्यामुळे इन्फेक्शन झालं तर थांबवणं सोपं. पण रोज कातडीखाली इंजेक्शन, जागा लाल होते, फ्रीज लागतो आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही. त्याच गटातलं कॅनाकिनुमॅब चार आठवड्यांतून एकदा, पण किंमत ऐकून आम्ही तो विषयच सोडला.

टोसिलिझुमॅब तसंच दुसरं प्रथिन, इंटरल्युकिन-६, अडवतं, शिरेतून दोन ते चार आठवड्यांनी किंवा कातडीखाली आठवड्याला. सांधे जास्त धरलेले असतील तर माझा कल इकडे. गोची अशी की सीआरपी (रक्तातली दाह-इन्फेक्शन दाखवणारी टेस्ट) जवळपास शून्यावर येतो, म्हणजे न्यूमोनिया झाला तरी रिपोर्ट छान दिसू शकतो, तेव्हा नुसत्या खोकल्यालाही दाखवायला जा. लिव्हर आणि पांढऱ्या पेशी अधूनमधून तपासाव्या लागतात.

दोन्हीपैकी काहीही घ्या, आधी टीबीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे, आपल्या देशात हे टाळून चालणार नाही.

पैसे वाचतात म्हणून वर्षभर स्टेरॉइडवर राहणं मला सगळ्यात महाग वाटतं. २०२४ च्या युरोपियन शिफारशीही बायोलॉजिक (अनाकिन्रा, टोसिलिझुमॅबसारखी औषधं) लवकर सुरू करा म्हणतात, सहा महिन्यांत स्टेरॉइडशिवाय आजार शांत हे त्यांचं टार्गेट. दादा फिरतीच्या नोकरीवर, रोज आईसपॅक घेऊन एसटीत कुठे हिंडणार, म्हणून टोसिलिझुमॅब.

मात्र ताप उतरेचना, पेशी आणि प्लेटलेट घसरल्या, फेरिटिन उसळलं आणि ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) उलटा कमी झाला तर पेढे वाटू नका, तो मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होऊन जिवावर बेतणारी गुंतागुंत, असू शकतो, तेव्हा तुलना बाजूला ठेवून त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठा.