गूगलचे सर्च ऑपरेटर : फुकटात वेबसाइटची तपासणी, वापरून झालेलं मत

नाशिकात वेबसाइटची कामं करतो, गिऱ्हाईक बहुतेक छोटे धंदेवाले, निफाड पिंपळगावकडचे द्राक्षवाले, कृषी सेवा केंद्रं, पंचवटीतले लॉजवाले. ह्या लोकांना दर महिन्याला डॉलरमध्ये पैसे भरायचं एसईओ टूल, म्हणजे साइट गूगलमध्ये वर यावी म्हणून वापरायचं सॉफ्टवेअर, घ्या म्हणायला मन होत नाही, म्हणून गूगलच्या सर्च ऑपरेटरबद्दल, म्हणजे शोध नेमका करायला सर्चच्या चौकटीत टाकायच्या खास शब्दांबद्दल आणि चिन्हांबद्दल, जरा सविस्तर लिहितोय. पैसा लागत नाही आणि मराठी साइटसाठी तर मला हे पेड टूलपेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण ती टूलं कितीतरी मराठी शब्दांपुढे सर्च व्हॉल्यूम, म्हणजे तो शब्द किती वेळा शोधला जातो तो आकडा, शून्य दाखवतात आणि मालकाला वाटतं कोणी शोधतच नाही. अहो, छाटणीच्या दिवसांत शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर हेच मराठी शब्द शोधत असतो!

सगळ्यात आधी साइट ऑपरेटर, हा एकाच वेबसाइटच्या आत शोधतो. इंग्रजी अक्षरांत साइट (site), मग कोलन, त्याला चिकटून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मध्ये स्पेस द्यायची नाही, दिली की तो साधा सर्च होतो. नवीन गिऱ्हाईक आलं की मी पहिलं हेच करतो. एका द्राक्ष नर्सरीची साइट दुसऱ्या कोणीतरी बनवून दिली होती, तिच्या डोमेनसोबत अवतरण चिन्हात लोरेम इप्सम, म्हणजे रिकामी जागा भरायला वापरतात तो अर्थहीन मजकूर, टाकून शोधलं तर थीमची, म्हणजे साइटच्या तयार साच्याची, डेमो पानं भसाभस बाहेर आली, त्यात न्यूयॉर्कचा पत्ता असलेलं कॉन्टॅक्टचं पानसुद्धा, आणि हे सगळं गूगलमध्ये इंडेक्स झालेलं, म्हणजे शोधणाऱ्या कोणालाही दिसणारं. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती पानं काढली, आता त्या जागी रोपांची खरी माहिती आहे.

मग कोणत्या विषयावर पान करायचं ते ठरवायला इनटायटल (intitle) आणि ऑलइनटायटल (allintitle), हे पानाच्या शीर्षकात शब्द शोधतात. इनटायटल फक्त पुढच्या एका शब्दाला लागतो, ऑलइनटायटल पुढच्या सगळ्या शब्दांना, हा फरक लक्षात ठेवा. द्राक्षावरच्या डाउनी रोगावर लेख करायचा होता, आपल्याकडे शेतकरी त्याला केवडा म्हणतो, पण नुसतं केवडा शोधलं की अत्तर, गणपतीची पूजा, सगळं येतं. मग केवडा द्राक्ष, पुढे उणे चिन्ह लावून अत्तर, उणे पूजा असं टाकलं, उणे आणि शब्द चिकटून, की कामाचीच पानं उरतात आणि कोणी काय लिहिलंय, कुठे अर्धवट सोडलंय ते दिसतं. ह्या एका गोष्टीसाठी मी ऑपरेटरला पाचपैकी चार स्टार देतो.

माहिती गोळा करायला फाइलटाइप (filetype), हा फक्त सांगितलेल्या प्रकारच्या फाइल दाखवतो. फाइलटाइप कोलन पीडीएफ आणि सोबत साइट ऑपरेटरने अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेची, किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची साइट. मेन्यूत शोधत बसलो असतो तर सापडली नसती अशी पत्रकं सरळ समोर येतात. पण युरोपला जाणाऱ्या मालातल्या औषधांच्या अवशेषांच्या मर्यादा बदलत असतात, जुनं पत्रक बघून लेख केला तर शेतकऱ्याचंच नुकसान. म्हणून ठरावीक तारखेनंतरचीच पानं दाखवणारा आफ्टर (after) ऑपरेटर लावा, तारीख वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने, आणि तरी पीडीएफ उघडून आतली तारीख बघाच, कारण गूगल पानाची तारीख कधीकधी चुकीची धरतं.

कोणी आपला लेख उचललाय का बघायचं तर लेखातलं एक वेगळं वाक्य अवतरण चिन्हात टाका आणि उणे लावून आपली साइट वगळा, जे उरेल ते बहुतेक चोरलेलं, उघडून खात्री करा.

एक स्टार का कापला तर साइट ऑपरेटरने दिसणारा निकालांचा आकडा फक्त अंदाज असतो. त्यावरून गिऱ्हाइकाला तुमची इतकी पानं इंडेक्स झाली असं सांगू नका, स्वतःच्या साइटसाठी सर्च कन्सोल हे गूगलचंच टूल आहे, तेही फुकट, दुसऱ्यांच्या साइटसाठी मात्र ऑपरेटरच. शिवाय गूगल ऑपरेटर बंद करत राहतं, एखाद्या पानाला कोणी लिंक दिलीय ते दाखवणारा लिंक ऑपरेटर 2017 मध्ये गेला, गूगलने साठवलेली पानाची प्रत दाखवणारा कॅश 2024 मध्ये, तरी काही क्लासवाले आजही ते शिकवतात, फी घेऊन, ह्याचा मला खरंच राग येतो. आणि भराभर ऑपरेटर टाकत सुटलात की गूगल कॅपचा, म्हणजे तुम्ही माणूसच आहात ना ही तपासणी, दाखवतं, मग थोडं थांबून करायचं.

2027 च्या सिंहस्थासाठी लॉजवाल्यांची पानं करायची कामं सध्या चालू आहेत. सगळ्यांना नाशिक हॉटेल ह्याच शब्दांवर पान हवंय. मी त्यांना ऑलइनटायटल लावून तिथली गर्दी दाखवतो, मग रामकुंडापासून चालत किती वेळ, गाडी कुठे लावायची, म्हाताऱ्या माणसांना तळमजल्यावर खोली मिळेल का, हे शब्द अवतरण चिन्हात टाकून दाखवतो. दोन्ही निकाल शेजारी शेजारी बघितले की कोणतं पान आधी करायचं ते मालक स्वतःच सांगतात.