मका: सिल्लोडचा खरीप की चोपड्याचा रब्बी?

सिल्लोडला आमचं वडिलोपार्जित कोरडवाहू रान, आणि चोपड्याकडे मेव्हण्याच्या बांधाला लागून ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने घेतलेली बागायत. तीन वर्षं दोन्हीकडे मका केला. मग धावपळ झेपेना, एकीकडचा बंद करायची वेळ आली.

नुसती खर्चाची वही उघडली तर सिल्लोड जिंकतं. ठोका नाही, पाणी पावसाचं, आणि मका निघाला की त्याच रानात हरभरा. चोपड्याला ठोक्याचे पैसे आधीच मोजायचे, वर पाच-सहा पाणी, त्यातली निम्मी रात्री वीज येते तेव्हा. खतही एक हात जास्त. शिवाय रब्बीचा मका मार्च-एप्रिलपर्यंत रान अडवून बसतो. बियाणं दोन्हीकडे सारखंच, एकरी दोन पिशव्या.

मका खाणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये देशात आली, तेव्हापासून फवारणी कुठेच चुकत नाही. सिल्लोडला मात्र पोंग्यात (ताटाच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) औषध टाकून घरी यावं आणि रात्री पावसाने सगळं धुऊन न्यावं, असं दोनदा झालं. चोपड्याच्या थंडीत अळी जरा सुस्त वाटली. हा माझ्या बांधावरचा अंदाज, तुमचा वेगळा असू शकतो.

पण सिल्लोडला मला खरा वैताग दिला तो ओलाव्याने. बिट्या (कणसं) खुडून खळ्यावर टाकल्या की परतीचा पाऊस हजर. ताडपत्री टाका, ऊन पडलं की काढा, नाहीतर आत वाफ धरते. एका रात्री ढिगात हात घातला तर आतून चुलीजवळ बसल्यासारखं गरम. तिसऱ्या दिवशी दाण्यांवर हिरवट बुरशी. आडतीत, म्हणजे दलालाच्या दुकानात, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मीटरमध्ये ओतले, आकडा आला २२ टक्के. मग कटती (कपात) सुरू, ती भावातही आणि वजनातही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये, पण तो १४ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला. दिवाळी तोंडावर, मजुरांचे पैसे द्यायचे. माल परत घरी कोण नेणार?

चोपड्याला मार्चअखेर कणीस ताटावरच वाळतं. मळणीयंत्रातून दाणा खडखडत पडतो आणि सरळ पोत्यात जातो. मला सिल्लोडला एकरी वीस-बावीस क्विंटल मिळाला, इथे तीसच्या पुढे. चाराही कोरडा निघतो, उन्हाळ्याच्या तोंडावर गुरंवाले शेतातूनच उचलतात. सिल्लोडचा अर्धा काळा पडायचा. फक्त विक्रीला फार रेंगाळू नका, एप्रिल-मेमध्ये बिहारचा रब्बी मका बाजारात उतरतो.

विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळ गाठत असेल तर रब्बीच्या नादी लागू नका, दाणा भरायच्या वेळी ताण पडला की ठोकाही निघत नाही. पाणी असेल तर मी चोपड्याकडेच झुकेन. सिल्लोडच्या रानात यंदा तूर टाकली आहे.